फतेहपूर सिक्री ते कुंकळ्ळी : एका पाद्र्याचं मरण

झाशीतल्या मराठी माणसाला इतिहास विचारा, बोलणं राणी लक्ष्मीबाईंपाशी येतं. आज मी त्याच्याही पावणेतीनशे वर्षं मागे जाणार आहे.

मी राहतो सीपरी बाजारात. सीपरी हे शिवपुरीचं जुनं नाव, आणि इथून रस्ताही शिवपुरीकडेच जातो. त्याच जिल्ह्यात नरवरचा किल्ला आहे. १५८० च्या सुरुवातीला तीन जेझुइट पाद्री सुरत, मांडू, उज्जैन, सिरोंज करत नरवरला पोचले. त्यांतले मोन्सेरात आजारी पडून मागे राहिले. बाकीचे ग्वाल्हेरमार्गे फतेहपूर सिक्रीला गेले. अकबरानं त्यांना गोव्याहून बोलावलं होतं. त्यांचे प्रमुख होते रुदोल्फो आक्वाविवा. वय अवघं २९. इटलीतल्या आत्री गावच्या सरदाराचा हा मुलगा, वडिलांचा विरोध मोडून पाद्री झालेला.

सिक्रीत त्यांनी मौलवींशी उघड वाद घातले. पाठीशी ना फौज, ना तोफ. जीव सुरक्षित होता तो बादशहाच्या शब्दावर. अकबर काही ख्रिस्ती झाला नाही, पण त्याला हा माणूस आवडला. तीन वर्षांनी निरोप घेताना रुदोल्फोंनी बक्षिसं नाकारली आणि एका गुलाम कुटुंबाची सुटका मागून घेतली.

१५८३ मध्ये ते गोव्याला परतले आणि साष्टीच्या मिशनचे प्रमुख झाले. इथे चित्र अगदी उलटं होतं. पोर्तुगीज सत्तेनं १५६७ पासून साष्टीतली देवळं पाडायला घेतली होती. कुंकळ्ळी, असोळणा, वेरोडा, वेळ्ळी ही गावं वाकत नव्हती, कर देत नव्हती. म्हणून त्यांच्यावर फौज धाडली गेली, देवळं पुन्हा पाडली गेली. अशा मोहिमांबरोबर पाशेको आणि बेर्नो हे दोन पाद्रीही गेले होते.

त्याच वर्षी जुलैमध्ये रुदोल्फो चर्चसाठी जागा बघायला कुंकळ्ळीत आले. सोबत पाशेको, बेर्नो, आंतोनियो फ्रांसिस्को आणि ब्रदर आरान्या. या पाचही जणांच्या हातात शस्त्र नव्हतं. गावकऱ्यांनी हल्ला केला आणि पाचही जण मारले गेले. त्यांच्याबरोबरचे स्थानिक ख्रिस्तीही मेले, त्यांत कोवळी मुलंही होती. प्रेतं विहिरीत टाकली गेली. नव्या दिनदर्शिकेप्रमाणे तारीख होती २५ जुलै १५८३.

पुढची हकिकत कमी सांगितली जाते. पोर्तुगीजांनी १६ गावकर-प्रमुखांना बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं. खटला नाही, सुनावणी नाही. १५ जणांना ठार केलं. एकानं नदीत उडी टाकली, तो वाचला. गावच्या जमिनी जप्त झाल्या.

१८९३ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी पाच जेझुइटांना ‘धन्य’ घोषित केलं. संतपदाच्या अलीकडची ही पायरी. गावकर-प्रमुखांचं स्मारक कुंकळ्ळीत उभं राहायला मात्र २००३ साल उजाडलं.

आता तुम्ही विचाराल, मग हुतात्मा कोण? माझं मत स्पष्ट आहे. रुदोल्फोंचं धैर्य खरं होतं. निःशस्त्र माणसाला मारणं हा पराक्रम नव्हे, आणि त्या मुलांचा तर काहीच दोष नव्हता. पण धर्मासाठी छळ त्या दिवशी सुरू झाला नव्हता. तो पहिलं देऊळ पाडलं तेव्हाच सुरू झाला होता. सिक्रीत रुदोल्फो फक्त आपला धर्म घेऊन गेले होते. कुंकळ्ळीत त्यांच्या आधी सैन्य येऊन गेलं होतं. गावकऱ्यांना पाद्री आणि शिपाई वेगळे दिसावेत कसे?

कुंकळ्ळीची देवी शांतादुर्गा तेव्हा फातर्प्याला हलवली गेली. आजही दरवर्षी शिगम्याच्या दिवसांत ती बारा वांगडांच्या बारा छत्र्यांसह वाजतगाजत माहेरी येते. त्या मिरवणुकीत गावचे हिंदू असतात आणि ख्रिस्तीही. बाहेरची माणसं बाजू घेऊन भांडतात. गावानं दोन्हीकडचे पूर्वज आपले मानले आहेत.

गोव्याला गेलात तर जुन्या गोव्याचं से कॅथेड्रल बघाच. पाद्र्यांचे अवशेष तिथे नेले गेले. आणि तिथून तासाभराची वाट काढून कुंकळ्ळीच्या स्मारकापाशीही जा. एकच बघून परत फिरू नका.