खेड्यातील हायस्कूल : कष्टाची शाळा, हक्काची शाळा

व्याख्यानमालेचे चालक मला कामगार चळवळीवरच बोलायला सांगतील, अशी माझी कल्पना होती. त्यांनी विषय माझ्यावर सोपवला आणि मी खेड्यातील हायस्कूल हा विषय निवडला. पुष्कळांना याचे नवल वाटले. परंतु चळवळीत तीस वर्षे काढल्यावर माझी अशी खात्री झाली आहे की, आपल्याकडच्या कामगाराचा इतिहास कारखान्याच्या दारापासून सुरू होत नाही. तो गावच्या शाळेच्या दारापासून, आणि पुष्कळदा त्या दाराच्या बाहेरूनच, सुरू होतो. मी स्वतः नववीतून शाळा सोडलेला माणूस आहे. तेव्हा विद्वत्तेचा आव न आणता, वाचलेले आणि पाहिलेले जेवढे आहे तेवढेच आपणांपुढे ठेवतो.

आरंभ जोतीराव फुल्यांपासून केला पाहिजे. १८८२ साली हंटर कमिशनपुढे त्यांनी जे निवेदन केले, त्यातला मुद्दा साधा होता. सरकारचा महसूल बहुतांशी शेतकऱ्याच्या घामातून येतो, आणि तो खर्च मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर होतो. शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंडाची पट्टी शेतकरी भरत होता. त्या पैशातून त्याच्या पोराला मिळाले काय, तर फार झाले तर गावची चार यत्तांची शाळा. इंग्रजी शाळा राहिली जिल्ह्याच्या गावी. तेथे राहायचे कोठे, जेवायचे कोठे आणि फी भरायची कशी, या तीन प्रश्नांवर खेड्यातल्या मुलाचे शिक्षण संपत असे.

या तीन प्रश्नांपैकी पहिल्या दोहोंना उत्तर दिले ते वसतिगृहांनी. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी १९०१ पासून निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली आणि १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा हुकूम काढला. त्याच कोल्हापूरच्या हवेत एक मुलगा शिकत होता. कुंभोजला १८८७ साली जन्मलेला हा मुलगा म्हणजे भाऊराव पाटील. भाऊराव काही पुस्तकी पंडित नव्हते. किर्लोस्करांचे नांगर विकण्याच्या निमित्ताने ते गावोगाव हिंडले. ज्याला नांगर विकायचा त्याच्या ओसरीवर बसावे लागते, त्याचे कर्ज आणि त्याची पोरे पाहावी लागतात. मला वाटते, शिक्षणशास्त्राचे धडे त्यांनी तेथेच घेतले.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ साली संस्था साताऱ्यास आली आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह सुरू झाले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हे नाव दिले गेले. ज्या काळात पाणवठे वेगळे होते, त्या काळात येथे सगळी मुले एका पंक्तीस बसत, पाळीपाळीने दळीत, स्वयंपाक करीत, भांडी घाशीत. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी ही मुले सांभाळताना अंगावरचे दागिने एकेक करून विकले आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या गेल्या. आपल्याकडे संस्थापकांचे पुतळे होतात. स्वयंपाकघर चालवणाऱ्या बाईचे स्मरण त्या मानाने फार कमी होते, म्हणून हा उल्लेख मी मुद्दाम करतो.

पैसा कोठून आला? मोठ्या देणग्या आल्या त्या पुढे. आरंभी होता तो मुष्टिफंड. गावच्या बाईने दळणाला बसताना मूठभर धान्य बाजूला काढायचे आणि ते गोळा करून बोर्डिंगला पोचवायचे. कामगार संघटनेची वर्गणी ज्याने दारोदार फिरून जमवली आहे, त्याला या मुठीचे मोल विचारावे. श्रीमंताच्या हजार रुपयांनी इमारत उभी राहते. पण शंभर घरांच्या शंभर मुठींनी शाळेला शंभर मालक मिळतात. मग ती शाळा बंद पाडणे कोणालाही सोपे नसते.

हायस्कुलाचा टप्पा १९४० साली आला. साताऱ्यास महाराजा सयाजीरावांच्या नावाने मोफत व निवासी हायस्कूल निघाले आणि ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व माध्यमिक शिक्षणात उतरले. मुलांनी माळरान फोडावे, भाजीपाला पिकवावा, खडी फोडावी, इमारतीचे दगड वाहावे, आणि वर्गात गणित व इंग्रजी शिकावे. पुढे १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर भाऊरावांनी त्यांच्या नावे १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प सोडला. त्याच सुमारास मुंबई सरकारची नाराजी होऊन संस्थेचे अनुदान थांबले होते. गाडगे महाराजांसारख्यांनी शब्द टाकला, आणि ते पुढे पुन्हा सुरू झाले. ९ मे १९५९ रोजी भाऊराव वारले तेव्हा संस्थेची शंभरावर हायस्कुले उभी होती. हायस्कूल प्रथमच तालुक्याच्या कचेरीजवळून उठून ओढ्याकाठच्या गावात येऊन बसले.

या हायस्कुलांच्या रीतिभाती त्यांच्या गरिबीतून जन्मल्या. वर्ग भरत ते देवळात, धर्मशाळेत, कोणाच्या पडक्या वाड्यात. एखाद्या शेतकऱ्याने माळाचा तुकडा दिला, दुसऱ्याने बैलगाडी दिली. झाड लावायचे आणि त्याला आपापल्या वर्गाने पाणी घालायचे, हा दंडक. संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्ष. म्हणून कित्येक शाळांच्या अंगणात वड आढळतो. २२ सप्टेंबरला भाऊरावांच्या जयंतीची मिरवणूक निघते, लेझीम पुढे आणि तसबीर मागे. एस.टी. गावोगाव पोचल्यावर आणखी एक रीत पडली. आईने पहाटे भाकरी थापून डबा फडक्यात बांधायचा, तो सकाळच्या गाडीत ठेवायचा आणि बोर्डिंगच्या मुलाने स्टँडवर तो उतरवून घ्यायचा. कित्येक मॅट्रिक त्या डब्यावर झाले आहेत.

आता मी माझ्या शंकेकडे येतो. संघटनेत नवा असताना ‘कमवा आणि शिका’ हे शब्द मला टोचत. मुलांकडून काम करून घ्यायचे आणि त्याला शिक्षण म्हणायचे, ही तर मालकाची भाषा झाली, असे मी म्हणे. या शंकेचे उत्तर मला वस्तुतः फार आधी मिळाले होते. ते कळायला वेळ लागला.

माझे वडील मुंबईत गिरणीकामगार. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि वर्षभरात आम्ही बिऱ्हाड गुंडाळून गावी आलो. गावच्या हायस्कुलात माझे नाव घातले. इमारत निधीची रक्कम भरता आली नाही म्हणून नववीत रोज वर्गात उभे राहावे लागे. एके दिवशी मी गेलोच नाही. आणि बोलवायलाही कोणी आले नाही. त्या शाळेचा शिपाई मात्र चांगला माणूस होता. आम्ही त्याला मामा म्हणत असू. उसाच्या कामावरून आलो की तो संध्याकाळी मला ग्रंथालयाच्या खोलीत बसू देई. मी जे काही वाचायला शिकलो ते त्या खोलीत. मामा लहानपणी त्याच शाळेचे दगड वाहिलेला. मी एकदा विचारले, “मामा, एवढे दगड वाहिले, त्याचा पगार कुणी दिला?” मामा म्हणाला, “पगार? आरं, ज्या भिंतीला टेकून वाचतोयस, त्योच की पगार.”

कष्टाचे फळ कष्ट करणाराकडे परत येते की नाही, ही खरी कसोटी. दुसरी कसोटी अशी की, कामामुळे शिकणे कमी होता कामा नये. आणि तिसरी, काम जात पाहून वाटलेले नसावे. १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारींनी प्राथमिक शाळेचे तास कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा, अशी योजना आणली. लोकांनी तिला कुलपरंपरेचे शिक्षण म्हणून विरोध केला आणि १९५४ साली कामराज मुख्यमंत्री झाल्यावर ती मागे घेण्यात आली. तेथेही कष्ट आणि शिक्षण हे दोन शब्द होतेच. पण तेथे कुंभाराच्या मुलाला मडक्याकडे परत पाठवले जात होते. साताऱ्याच्या बोर्डिंगात कोणाच्याही मुलाच्या हातात कुदळ दिली जात होती आणि कुदळीनंतर तेच बीजगणित सर्वांपुढे ठेवले जात होते. फरक एवढाच, पण तो सगळा फरक आहे.

कोणी म्हणेल, मग तुला वर्गात उभे करणारी शाळाही लोकांनी बांधलेलीच होती ना? होय. म्हणूनच मी हा इतिहास सांगतो आहे. मुठीतून उभी राहिलेली शाळा जेव्हा मुठीची आठवण विसरते, तेव्हा तीच शाळा गरिबाच्या पोराकडे थकबाकीदार म्हणून पाहू लागते. १९५९ साली मुंबई राज्याने वर्षाला १२०० रुपयांपेक्षा कमी उत्पन्नाच्या पालकांच्या मुलांना फीमाफी दिली आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे मिळाले. पण फी गेली, तरी फीची सावली निरनिराळ्या निधींच्या नावाने उरली.

आज आणखी एक गोष्ट घडते आहे. तासिका तत्त्वावर शिकवणारे तरुण शिक्षक माझ्याकडे येतात. त्यांपैकी काहींची महिन्याची मिळकत कारखान्यातल्या कंत्राटी हमालापेक्षा कमी असते. त्यांनी पगार मागितला की त्यांना संस्थापकांच्या त्यागाची आठवण करून दिली जाते. श्रोतेहो, लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र विकले ते स्वतःचे. त्याग हा स्वतःच्या अंगावरचा उतरवायचा असतो, दुसऱ्याच्या अंगावरचा ओरबाडायचा नसतो. थोरांच्या नावाने कमी पगार देणे, हा त्या थोरांचा सन्मान नव्हे.

आपण शहरात राहता. पुष्कळांची मुळे अशाच एखाद्या गावात आहेत. यंदा जत्रेला गेलात की गावच्या हायस्कुलात अर्धा तास जा. जमीन कोणी दिली, दगड कोणी वाहिले, मूठ कोणी काढली, हे ज्यांना आठवते अशी माणसे आता थोडी उरली आहेत. त्यांच्याकडून ती नावे लिहून घ्या आणि शाळेत लावा. आणि नंतर हजेरीपट पाहा. मध्येच कोणाचे नाव कमी झाले असेल, तर त्याच्या घरी कोणी गेले होते काय, एवढे विचारा. माझ्या घरी कोणी आले नव्हते. एखाद्याच्या घरी आपण गेलात, तर मी येथे केलेल्या बडबडीचे सार्थक झाले असे मी समजेन.