भीमा नदी आणि काठावरील ग्रामसमाज : पवनेपासून औजपर्यंत पाण्यावरील हक्काचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

मावळच्या डोंगरात उगम पावणारी पवना रावेत, चिंचवड, पिंपरी, कासारवाडी या गावांवरून वाहत दापोडीजवळ मुळेला मिळते. पुण्यात मुळा व मुठा यांचा संगम होतो आणि हा संयुक्त प्रवाह रांजणगाव सांडस येथे भीमेत विलीन होतो. पिंपरी-चिंचवडच्या उत्तरेकडून वाहणारी इंद्रायणी देहू व आळंदीवरून तुळापूर येथे भीमेला मिळते. चाकणच्या उत्तरेकडील भामा हीदेखील भीमेचीच उपनदी होय. म्हणजेच पिंपरी-चिंचवड व चाकण हा संपूर्ण औद्योगिक पट्टा भीमा खोऱ्याच्या माथ्यावर वसलेला आहे.

भीमाशंकर येथे उगम पावणारी भीमा पुणे, अहिल्यानगर व सोलापूर या जिल्ह्यांतून वाहत कर्नाटकात प्रवेश करते. विजयपूर, कलबुर्गी व यादगीर या जिल्ह्यांचा प्रवास करून सुमारे ८६० किलोमीटरनंतर ती रायचूरच्या उत्तरेस, तेलंगणाच्या सीमेलगत, कृष्णेला मिळते. अशा आंतरराज्य नदीचा इतिहास बहुधा राज्याराज्यांतील तंट्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. परंतु नदी केवळ राज्यांच्या सीमा ओलांडत नाही. धरण आणि लाभक्षेत्र, गाव आणि शहर, खोरे आणि खोऱ्याबाहेरील प्रदेश अशा अनेक सीमा तिच्या पाण्यावर आखल्या गेल्या आहेत. या सीमा कोणी व केव्हा आखल्या आणि त्या आखताना काठावरील ग्रामसमाजाचे स्थान काय होते, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

प्राचीन वसाहत व नदी

भीमा खोऱ्यातील शेतीचा इतिहास किमान साडेतीन हजार वर्षे मागे जातो. भीमेची उपनदी घोड हिच्या काठी, शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इ.स.पू. १६०० ते ७०० या कालखंडातील ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वसाहत तेथे उजेडात आली. पुराचे पाणी वळविण्यासाठी घातलेला बांध आणि पाट यांचे अवशेष हे या उत्खननाचे महत्त्वाचे फलित होय. पर्जन्यछायेच्या प्रदेशात पाण्याची सामूहिक व्यवस्था केल्याशिवाय गाव टिकत नाही, हे येथील पहिल्या शेतकऱ्यांनीही ओळखले होते, असे यावरून म्हणता येते.

ऐतिहासिक काळात ही नदी दोन भाषांना व अनेक राजवटींना जोडणारी ठरली. कलबुर्गी जिल्ह्यात भीमेच्या काठी असलेल्या सन्नती येथे सम्राट अशोकाचे लेख सापडले आहेत. दक्षिण सोलापूर तालुक्यात सीना-भीमा संगमावर असलेल्या हत्तरसंग कुडल येथील शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा शिलालेख मराठीतील सर्वांत जुन्या ज्ञात लेखांत गणला जातो. ज्या संगमावर मराठीचा हा आद्य पुरावा सापडतो, तेथून कन्नड मुलूख हाकेच्या अंतरावर आहे. त्या काळी नदी ही भाषांना विभागणारी रेषा नव्हती, याचे हे बोलके उदाहरण होय.

वारकरी परंपरेनेही हेच खोरे आपलेसे केले. इंद्रायणीकाठची देहू-आळंदी आणि भीमाकाठचे पंढरपूर ही एकाच जलप्रवाहावरील स्थाने आहेत. पंढरपूरला मराठी आणि कन्नड भाषक भाविक शतकानुशतके एकाच वाळवंटात उतरत आले. पुढे अफझलपूर तालुक्यातील भीमा-अमरजा संगमावरील गाणगापूर हे दत्तक्षेत्र महाराष्ट्रातील भाविकांचे श्रद्धास्थान बनले.

एक नदी, अनेक राजवटी

मराठा काळात भीमाकाठच्या प्रदेशास भीमथडी म्हणत. येथील काटक तट्टे मराठी फौजेत प्रसिद्ध होती. औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ या काळात भीमेच्या काठी ब्रह्मपुरी येथे होती, यावरूनही या पट्ट्याचे लष्करी महत्त्व लक्षात येते. मात्र राजवटी बदलल्या तरी नदीच्या पाण्याचा वापर गावाच्या पातळीवरच ठरत असे. काठावरील बुडकीवर मोट चालवून थोडेफार बागायत होई. पूर ओसरल्यानंतर मळईच्या जमिनीत रब्बीचे पीक घेतले जाई. उन्हाळ्यात वाळूत कलिंगड-काकडीच्या वाड्या लावल्या जात. कोळी व भोई मासेमारी आणि नावा चालविण्याचे काम करीत. या वापराची सरकारी दप्तरात पाणीहक्क म्हणून नोंद नव्हती आणि तिची गरजही नव्हती, कारण पाणी अडवून अन्यत्र नेण्याचे सामर्थ्य कोणत्याही सत्तेकडे नव्हते.

ब्रिटिश अमदानीत ही स्थिती पालटू लागली. मुठेवरील खडकवासला धरण व नीरा डावा कालवा यांमुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाणी प्रथमच नदीपात्रापासून दूर, सरकारने ठरविलेल्या क्षेत्राला मिळू लागले. दुष्काळनिवारण हा या कामांमागील एक हेतू होता. कालांतराने मात्र कालव्याखालील प्रदेशात ऊस स्थिरावला. 'लाभक्षेत्र' आणि 'लाभक्षेत्राबाहेर' ही नदीवरील पहिली आधुनिक सीमा होय.

घाटाखाली वळविलेले पाणी

दुसरी सीमा सह्याद्रीच्या माथ्यावर आखली गेली. मुंबईच्या गिरण्यांना व रेल्वेला वीज पुरविण्यासाठी टाटा कंपन्यांनी मावळ-मुळशीत धरणे बांधून पूर्ववाहिनी नद्यांचे पाणी घाटाखाली कोकणात सोडले. खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) व भिरा (१९२७) ही वीजगृहे अशा रीतीने उभी राहिली. त्यामुळे भीमेचे काही पाणी खोऱ्याबाहेर कायमचे वळले.

मुळशी धरणाविरुद्ध १९२१ साली रामनवमीच्या मुहूर्तावर सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट व विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखालील हा लढा १९२४ पर्यंत चालला आणि अखेर अपयशी ठरला. धरणविरोधी चळवळींच्या इतिहासात त्याचे स्थान आद्य मानले जाते. या लढ्याने एक विसंगतीही उघड केली. बुडणाऱ्या जमिनीपैकी बरीच जमीन सावकारांकडे गेलेली होती, तर कसणारे मावळे होते. मोबदल्याच्या रकमेने जमीनमालकाचे समाधान होऊ शकत होते. नदीकाठच्या वस्तीवर, भातखाचरांवर आणि गावठाणावर ज्यांचे जीवन उभे होते, त्यांच्या नुकसानीला मात्र कागदावर किंमत नव्हती.

पवना आणि पिंपरी

स्वातंत्र्यानंतर पिंपरीचा कायापालट झाला. १९५४ मध्ये येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यानंतर उद्योगांचा विस्तार वेगाने झाला. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी यांची मिळून नगरपालिका स्थापन झाली आणि १९८२ मध्ये तिची महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे १७ लाख २७ हजार होती.

या वाढीला पाणी पुरविले ते १९७० च्या दशकाच्या आरंभी उभ्या राहिलेल्या पवना धरणाने. त्याचा उपयुक्त साठा सुमारे साडेआठ टीएमसी, म्हणजे साडेआठ अब्ज घनफूट आहे. हे धरण झाले तेव्हा महाराष्ट्राचा १९७६ चा पुनर्वसन कायदा अस्तित्वात आलेला नव्हता. परिणामी धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा प्रश्न मावळात पुढे अनेक दशके धुमसत राहिला.

धरणातील पाणी नदीपात्रात सोडले जाई आणि रावेत बंधाऱ्यावरून महापालिका ते उचलत असे. या पद्धतीचा एक अलिखित परिणाम झाला. शहरासाठी सोडलेले पाणी वाटेतील गावांवरून वाहत असल्याने त्यांची उपसा सिंचनाची शेती, विहिरी व गुरांचे पाणी यांची सोय होत गेली. ज्यांच्या जमिनी धरणात गेल्या त्यांच्या भावकीतील अनेकांची शेती याच वाहत्या पाण्यावर उभी राहिली. ही सोय तीन-चार दशके चालली. तिला प्रथेचे बळ होते, हक्काचे नव्हते.

पवना धरणापासून निगडीपर्यंत सुमारे ३५ किलोमीटरच्या बंद जलवाहिनीची योजना पुढे आली तेव्हा हा भेद प्रकर्षाने समोर आला. पाण्याची गळती व बाष्पीभवन टळेल, प्रदूषणापासून बचाव होईल आणि शुद्धीकरणाचा खर्च कमी होईल, ही महापालिकेची बाजू तांत्रिकदृष्ट्या निराधार नव्हती. शेतकऱ्यांची शंकाही तितकीच रास्त होती : शहराचे पाणी नळातून गेल्यावर नदीत पाणी कोण आणि कशासाठी सोडील? ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळातील बऊर येथे द्रुतगती महामार्गावर झालेल्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात एका महिलेसह तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. त्यानंतर काम स्थगित झाले आणि २०२३ मध्ये शासनाने स्थगिती उठविली तेव्हा विरोध पुन्हा जागा झाला.

राज्याच्या २००३ च्या जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगांना व त्यानंतर शेतीला प्राधान्य देण्यात आले होते. २०११ मध्येच हा क्रम बदलून शेतीला दुसरे स्थान देण्यात आले. परंतु क्रम बदलल्याने नदीकाठच्या गावाचा वाटा आपोआप निश्चित झाला नाही.

उजनी ते औज

पवनाकाठी जे घडले त्याचेच मोठे रूप भीमेच्या खालच्या टप्प्यात दिसते. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी आहे. त्याने इंदापूर, करमाळा, दौंड व कर्जत तालुक्यांतील गावे विस्थापित केली. पाणी आटल्यावर वर येणारे पळसदेवचे जुने मंदिर ही त्या बुडालेल्या जगाची खूण आहे. दुसरीकडे, याच पाण्याने सोलापूर जिल्ह्यात ऊस व साखर कारखानदारी वाढली. पिंपरी-चिंचवड व पुणे या शहरांचे सांडपाणीही नद्यांमधून याच जलाशयात पोहोचते. वरच्या अंगाचे शहर शुद्ध पाणी घेते आणि खालच्या अंगाच्या गावाला त्याचा मैला मिळतो, ही या खोऱ्यातील न लिहिलेली वाटणी आहे.

सोलापूर शहरासाठी उजनीतून भीमेच्या पात्रात पाणी सोडले जाई आणि ते राज्याच्या सीमेवरील औज बंधाऱ्यात अडविले जाई. शहराच्या गरजेच्या कितीतरी पट पाणी त्यासाठी सोडावे लागे. वाटेतील कोल्हापूर पद्धतीचे बंधारे भरत, काठावरील मोटारी चालत, आणि पाणी औजपर्यंत पोहोचावे म्हणून प्रशासन काठावरील वीजपुरवठा खंडित करी. औजजवळ पलीकडचा काठ कर्नाटकाचा आहे. एकाच पात्रातून दोन्ही राज्यांतील शेतकरी पाणी उपसत. उजनीहून सोलापूरला थेट जलवाहिनी आणि पुढे समांतर जलवाहिनी हाती घेण्यात आली, ती ही नासाडी टाळण्यासाठी. मात्र शहराची गरज नळाने भागली की पात्रात पाणी सोडण्याचे एक मुख्य कारण संपते, आणि रावेतच्या वरच्या गावांचा प्रश्न औजच्या दोन्ही काठांवर उभा राहतो.

लवादाच्या पानांतील नदी

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विजापूर व गुलबर्गा जिल्हे म्हैसूर राज्यात गेले आणि भीमा ही भाषिक राज्यांची सीमा बनली. १९६९ मध्ये नेमलेल्या बच्छावत लवादाने १९७६ मध्ये अंतिम स्वरूप दिलेल्या निवाड्यात कृष्णा खोऱ्यातील २०६० टीएमसी पाण्यापैकी महाराष्ट्रास ५६०, कर्नाटकास ७०० आणि आंध्र प्रदेशास ८०० टीएमसी वाटा दिला. वरच्या भीमेचे उपखोरे त्यात 'के-५' व खालचे 'के-६' या संज्ञांनी ओळखले जाते. २००४ मध्ये स्थापन झालेल्या दुसऱ्या, न्या. ब्रिजेशकुमार लवादाने २०१० मध्ये निर्णय दिला. परंतु न्यायालयीन वादामुळे तो दीर्घकाळ राजपत्रात प्रसिद्ध होऊ शकला नाही.

या निवाड्यांचे महत्त्व निर्विवाद आहे. त्यांनी संघर्षाला कायद्याची चौकट दिली. तथापि त्यांच्यापुढील पक्षकार केवळ राज्ये होती. राज्याला मिळालेला वाटा धरणांना, धरणाचा वाटा कालव्यांना, महापालिकांना व उद्योगांना विभागला जातो. या उतरंडीत नदीकाठचे गाव स्वतंत्र पक्षकार म्हणून कोठेही येत नाही. २००५ च्या कायद्याने पाणी वापर संस्थांना मान्यता मिळाली, ही त्या दिशेने जमेची बाजू होय. परंतु पात्रात वाहत्या पाण्याची हमी तिच्या कक्षेबाहेरच राहिली.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात.

१. भीमा खोऱ्यात राज्यसीमा ही अनेक सीमांपैकी एक आहे. लाभक्षेत्राची सीमा, घाटाखाली वळविलेल्या पाण्याची सीमा आणि शहर-ग्राम सीमा यांनी ग्रामजीवनावर तितकाच खोल परिणाम केला.

२. मुळशीत मोबदला जमिनीला होता, वस्तीला नव्हता. पवनेवर वापर होता, हक्क नव्हता. लवादापुढे राज्य होते, गाव नव्हते. तिन्ही ठिकाणी उणीव एकच आहे.

३. उघडे नदीपात्र हे केवळ पाणी वाहून नेण्याचे साधन नव्हते, तर शहर, गाव आणि शेजारचे राज्य यांच्यातील अलिखित वाटपाची ती व्यवस्था होती. बंद जलवाहिनीने नासाडी टळते हे खरे. पण त्याबरोबर हे वाटपही संपुष्टात येते.

म्हणून जलवाहिनी हवी की नको, एवढ्यापुरता हा वाद मर्यादित ठेवणे अपुरे ठरेल. वाचलेल्या पाण्यापैकी किती पाणी नदीत राहील, ते कोणत्या महिन्यात सोडले जाईल आणि काठावरील ग्रामपंचायतींना ते मागण्याचा अधिकार असेल काय, हे जलवाहिनीच्या मंजुरीबरोबरच लेखी ठरले पाहिजे. इनामगावच्या शेतकऱ्यांनी बांध घातला तेव्हा पाणी वळविणारा आणि पाणी वापरणारा समाज एकच होता. आज हे दोन समाज वेगळे झाले आहेत. त्यांच्यात करार नसेल, तर बऊरसारखे प्रसंग टाळण्याची जबाबदारी एकट्या पोलीस यंत्रणेवर येऊन पडते, आणि ती तिला पेलणारी नाही.