व्हॉट्सअ‍ॅपचा सहा आकडी कोड

मंडळी, घरच्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आपल्या सगळ्यांच्याच फोनवर असतो. चोरांचाही त्यावर डोळा असतो.

चोर आपला नंबर स्वतःच्या फोनवर टाकून व्हॉट्सअ‍ॅप सुरू करू पाहतो. त्यासाठी लागणारा सहा आकडी कोड आपल्याला एसेमेसने येतो. लगेच एखाद्या ओळखीच्या नावाने निरोप येतो, "माझा कोड चुकून तुझ्याकडे आलाय, पाठव ना." (त्या बिचाऱ्याचे खाते बहुधा आधीच गेलेले असते.) कोड दिला की खाते चोराचे. मग भारतात आईबाबांना आपल्या नावाने "अडचणीत आहे, पैसे पाठवा" असे निरोप जातात. इथे आपण झोपेत, फोन लागत नाही, आणि काळजीपोटी ते पैसे पाठवून मोकळे होतात.

म्हणून सेटिंग्जमध्ये अकाउंटखाली टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करून सहा आकडी पिन ठेवा. ही सोय २०१७ पासून आहे. सोबत ईमेल पत्ताही द्या, नाहीतर पिन विसरल्यास सात दिवस थांबावे लागते. जन्मतारीख मात्र पिन म्हणून नको, ती फेसबुकवर असते! आईबाबांच्या फोनवर हे भारतभेटीत स्वतःच करून द्यावे. दुरून समजावताना आम्हा संगणकवाल्यांचीही दमछाक होते.

व्हॉट्सअ‍ॅप अजून जुन्या भारतीय नंबरावर असेल तर तो बदला. बंद पडलेला नंबर कालांतराने दुसऱ्याला मिळतो, आणि कोडही त्यालाच.

खाते गेलेच तर आधी घरी साधा फोन करून सांगा, मग आपल्या नंबराने पुन्हा नोंदणी करा. चोर बाहेर फेकला जातो. भारतातून पैसे गेले असल्यास तिथल्या नातेवाइकांनी १९३० या सरकारी क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी.