भिंतीवर कोरलेली भोजनशाळा

टॉमस मोर यांचा ‘युटोपिया’ १५१६ साली प्रसिद्ध झाला. नावाचा अर्थच मुळी ‘कुठेही नसलेली जागा’. त्या बेटावर कुणाचे काही खासगी नाही, दारांना कुलपे नाहीत, घरे दर दहा वर्षांनी चिठ्ठ्या टाकून बदलली जातात आणि तीस-तीस कुटुंबे एका मोठ्या दालनात एकत्र जेवतात. ही हकिकत सांगणारा प्रवासी परतताना आपल्याच कालिकत बंदरावरून जातो. त्याच्या थोडे आधी इटलीत रंगवलेले ‘आदर्श नगर’ उर्बिनोच्या संग्रहालयात आहे: रेखीव चौक, देखणे वाडे आणि माणूस एकही नाही. युरोपच्या प्रबोधनकाळाने आदर्श जग असे कागदावर आणि फळ्यावर मांडले. त्यावरून असे जग कल्पनेतच शोभते असा समज रूढ झाला. जुन्नरच्या लेण्यांकडे पाहिले की हा समज टिकत नाही.

मोर यांच्या सुमारे चौदाशे वर्षे आधी, नाणेघाटाने कोकणातला माल वर येत होता तेव्हा, जुन्नरभोवतीच्या डोंगरांत स्वतःचे काही नसलेल्या माणसांनी एकत्र राहायचे कसे, या प्रश्नाचे उत्तर छिन्नीने कोरले जात होते. चिट नावाच्या एका यवनाने, म्हणजे परदेशी माणसाने, बौद्ध भिक्षुसंघाला भोजनमंडप दिला; लेखातला शब्द तोच आहे. इरिल या दुसऱ्या यवनाने दोन पोढ्या, म्हणजे पाण्याची टाकी, दिल्या. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे व्यावसायिक संघटनेने, सात खोल्यांचे लेणे आणि पोढी दिली. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्या गेल्या, म्हणजे दान एकदाचे न राहता त्याचे उत्पन्न चालू राही. क्षत्रप राजा नहपान याचा अमात्य अयम याने, लेखात नोंदलेल्या ४६ व्या वर्षी, मंडप आणि पोढी दिली. अमात्याच्या आणि धान्य विकणाऱ्याच्या दानात पोढी सारखीच, हे मला फार मोलाचे वाटते. जुन्नरजवळच्या लेण्याद्रीचे सातवे लेणे, जिथे आज गिरिजात्मज गणपती आहे, नीट पाहावे. आत एकही खांब नसलेले प्रशस्त दालन आणि तिन्ही बाजूंना खोल्या. निजायला खोली प्रत्येकाची, पण बाहेर पाऊल टाकले की सगळ्यांच्या दालनातच पडते.

यावर आक्षेप असा येईल की हे जग भिक्षूंपुरते होते. शेतात राबणाऱ्याला त्यात जागा नव्हती. आक्षेप खरा आहे. पण मोर यांच्या बेटावरही गुलाम आहेत आणि जड, घाण कामे तेच करतात. आदर्श जगाला कुंपण असते, हा दोष दोन्हीकडे आहे. जुन्नरचे कुंपण निदान परक्या यवनाला दाता म्हणून आत घेण्याइतके सैल होते. इथल्या एका लेखात नगरातल्या धर्मोत्तरीय भिक्षुणींच्या उपाश्रयाचाही उल्लेख आहे, म्हणजे बायकाही या व्यवस्थेत होत्या.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हे सारे पुण्याच्या लोभाने झाले. झालेही असेल. मात्र पुण्य मिळवायला या लोकांनी निवडले काय, तर अनोळखी माणसाला प्यायला पाणी, बसून जेवायला जागा, पावसाळ्यात डोक्यावर छप्पर. मोर यांच्या बेटावर सामाईक जेवण व्यवस्थेने आणि रीतीने ठरलेले आहे. इथे पैसा हाती असलेल्या धंदेवाइकांनी तो आपण होऊन सामाईक गोष्टीत घातला. अशी व्यवस्था लिहायला लेखक पुरतो. डोंगर पोखरायला पाथरवट लागतात आणि त्यांची मजुरी कुणाला तरी चुकती करावी लागते. म्हणून मी जुन्नरचे उत्तर अधिक भक्कम मानतो.

जुन्नर-आंबेगावची आणि बाहेरची हजारो माणसे अष्टविनायकासाठी लेण्याद्रीच्या पायऱ्या चढतात. दर्शन झाल्यावर त्यांनी शेजारच्या सहाव्या लेण्यातही जावे. ते चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याने दिले, असे तिथला लेख सांगतो.