व्हिक्टोरियन नटांची छायाचित्रे: पुरावा नेमका कशाचा?

एलेन टेरी या विख्यात इंग्रज अभिनेत्रीचे एक छायाचित्र १८५६ सालचे आहे. लंडनच्या प्रिन्सेस थिएटरात चार्ल्स कीनने शेक्सपिअरचे 'द विंटर्स टेल' सादर केले, तेव्हा नऊ वर्षांची एलेन त्यात मॅमिलियस हा राजपुत्र झाली होती. चित्रात राजाच्या वेषातील कीन आहे आणि छोट्या राजपुत्रापाशी खेळण्यातला गाडा. कीनला ऐतिहासिक अचूकतेचे विलक्षण वेड. हा गाडादेखील एका ग्रीक कलशावरील चित्राबरहुकूम घडवलेला. पहिल्याच प्रयोगात या गाड्याला अडखळून आपण पडलो, असे एलेनने पुढे आत्मचरित्रात सांगितले आहे. छायाचित्रात मात्र गाडा निमूट उभा आहे आणि पोरही.

हा निमूटपणा कोठून आला? चित्र काढणारा मार्टिन लारोश हा व्यावसायिक छायाचित्रकार. फ्रेडरिक स्कॉट आर्चरची कलोडियनची रीत (१८५१) तो वापरी. ती आपल्या पेटंटात मोडते, असा दावा टॅलबटने त्याच्यावर लावला होता. १८५४ मध्ये लारोश तो जिंकला आणि ही रीत सर्वांना मोकळी झाली. या रीतीत काच रसायनाने ओली असतानाच चित्र घ्यावे लागे, आणि तेही भरपूर दिवसाउजेडी, काही सेकंद निश्चल राहून. मान हलू नये म्हणून मागे लोखंडी टेकू असे. गॅसच्या उजेडात चाललेला नाट्यप्रयोग टिपणे या तंत्राच्या आवाक्याबाहेरचे होते. म्हणून नटच पोशाख घेऊन स्टुडिओत जात.

व्हिक्टोरियन अभिनय ताठर व ठोकळेबाज होता, असे वर्गात सर्रास सांगितले जाते आणि पुराव्यादाखल हीच छायाचित्रे दाखवली जातात. हा पुरावा आम्हाला ग्राह्य वाटत नाही. त्या अभिनयात ताठरपणा नव्हताच, असा आमचा दावा नाही. पण चित्रातला ताठरपणा नटाचा किती आणि टेकूचा किती, हे चित्रावरून ठरवता येत नाही. पोशाखाची घडण, केशरचना, हाती धरलेली वस्तू यांबाबत मात्र त्याची साक्ष मोलाची आहे. शिवाय नटाला आपली कोणती छबी लोकांच्या हाती जावी असे वाटे, हेही त्यातून कळते. कारण या छबी विकल्या जात. १८५४ मध्ये पॅरिसच्या दिस्देरीने पेटंट घेतलेली 'कार्त द व्हिझित', म्हणजे भेटपत्राएवढी छबी, १८६० नंतर इंग्लंडात अफाट खपली. ज्या नटाला सभ्य घरात पाऊल ठेवणे अवघड, तो राणीच्या शेजारी आल्बममध्ये जाऊन बसला!

पोशाखाची साक्षही अपुरीच. १८८८ च्या डिसेंबरात लायसिअम थिएटरात एलेन टेरी लेडी मॅकबेथ झाली. तिच्या हिरव्या झग्यावर भुंगेऱ्यांचे खरे चमकते पंख शिवलेले होते आणि तांबड्या वेण्या गुडघ्यांपर्यंत रुळत होत्या. हेन्री आयर्व्हिंगने तेथे गॅसचे दिवेच ठेवले होते. त्या हलत्या उजेडात ते पंख लखलखत. विंडो अँड ग्रोव्हच्या छायाचित्रांत वेण्या आहेत, झग्याची चुण अन् चुण आहे. हिरवा नाही, तांबडा नाही, लखलखही नाही. रंग हवा असेल तर जॉन सिंगर सार्जंटच्या १८८९ च्या तैलचित्राकडे जावे लागते. पण त्यात ती दोन्ही हातांनी मुकुट डोक्यावर उचलून धरते, आणि नाटकात तसा प्रसंगच नाही.