सेनेकाच्या नावावर

कॉलेजात असताना वहीत सेनेकाचं एक वचन उतरवून घेतलं होतं. शत्रू तावडीत सापडला की सूड घेता आला असता एवढंच पुरे समजावं, आणि क्षमा करणं हाच मोठा सूड, अशा अर्थाचं. भांडण झालं की ते काढून वाचायचो. (उपयोग फारसा व्हायचा नाही, ती गोष्ट वेगळी.)

हल्ली कळलं, हे सेनेकाचं नाहीच! निदान जसंच्या तसं नाही.

सेनेका वारला इ.स. ६५ मध्ये. त्यानंतर पाचशे वर्षांनी ब्रागा इथे, म्हणजे आजच्या उत्तर पोर्तुगालात, मार्टिन नावाचा बिशप होता. तिथल्या सुएवी लोकांचा राजा मिरो त्याच्या मागे लागला, मला काहीतरी उपदेशाचं लिहून द्या म्हणून. मार्टिनने विवेक, धैर्य, संयम आणि न्याय या चार सद्गुणांवर छोटंसं पुस्तक लिहून दिलं. सेनेकाचा एक ग्रंथ समोर ठेवून ते लिहिलं असावं, असं अभ्यासक मानतात. तो मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही. गंमत म्हणजे बिशप असूनही त्याने त्यात बायबलचा आधार घेतला नाही. साध्या संसारी माणसाला स्वतःच्या बुद्धीने जमेल तेवढंच सांगतोय, असं प्रस्तावनेत त्याने स्वच्छ लिहिलं होतं.

पण नकला करताना पुढे ही प्रस्तावनाच गळाली. राजा गेला, बिशप गेला, राहिला नुसता उपदेश. आणि तो वाटतो अगदी सेनेकासारखा! मग नाव लागलं सेनेकाचं. त्याचा तेव्हा दबदबाही होता. सेनेका आणि संत पॉल यांची म्हणून चौदा बनावट पत्रं चौथ्या शतकापासून फिरत होती, आणि संत जेरोमने त्यांचा उल्लेख करून सेनेकाला आपल्या ख्रिस्ती लेखकांच्या यादीत बसवलं होतं.

त्या नावाखाली पुस्तकाच्या शेकडो नकला झाल्या. चौदाव्या शतकात पेत्रार्कने हे मार्टिनचं आहे म्हणून सांगितलं, पण ऐकतो कोण? १४०३ साली फ्रेंच भाषांतर झालं, तेही सेनेकाच्याच नावाने.

मला मार्टिनचं वाईट वाटतं. आणि तरी, त्याचंच नाव राहिलं असतं तर हे पुस्तक इतक्या लोकांनी उतरवून घेतलं असतं का? मी तरी घेतलं नसतं.

वहीत आता सेनेकाच्या नावाखाली ‘मार्टिन, ब्रागा’ असं लिहिलंय. वरचं नाव मात्र खोडलेलं नाही.