पोताची ओळख आणि प्रकाशाची दिशा

पृष्ठभागावरील वीण, दाणे, सुरकुत्या किंवा रेषा यांची छायाचित्रात पुन्हा पुन्हा उमटणारी रचना म्हणजे पोत. आणि हा पोत संगणकाला ओळखता यावा, या प्रयत्नांच्या पहिल्या काही दशकांत प्रकाशाचा प्रश्न बराचसा झाकलेलाच राहिला, याचे एक कारण अभ्यासासाठी वापरल्या गेलेल्या छायाचित्रांतच होते. फिल ब्रोडाट्झ यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेला ११२ पोतांचा संग्रह मुळात चित्रकार आणि आरेखनकार यांच्यासाठी होता. पुढे तो संशोधकांची कसोटी ठरला, आणि एकाच छायाचित्राचे तुकडे पाडून काहींवर संगणकाला शिकवायचे व उरलेल्यांवर त्याची परीक्षा घ्यायची, अशी रीत रुळली. शिकवणी आणि परीक्षा दोन्ही एकाच प्रकाशात होत असल्यामुळे मिळालेले यश खरे असले, तरी अपुरे होते.

प्रकाश कमी-जास्त होण्याच्या अडचणीवर एक उत्तर फिनलंडमध्ये मिळाले. तेथील औलू विद्यापीठात टिमो ओयाला, मॅटी पिएटिकायनेन आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० च्या दशकात विकसित केलेल्या पद्धतीत प्रत्येक चित्रबिंदूची त्याच्या आठ शेजाऱ्यांशी तुलना होते. शेजारी तितकाच किंवा अधिक उजळ असेल तर एक, नसेल तर शून्य, असा आठ अंकांचा संकेत तयार होतो, आणि २५६ संभाव्य संकेतांपैकी कोणता किती वेळा आला, यावरून पोत ठरतो. संपूर्ण चित्र सारखेच उजळले किंवा मंदावले तरी बिंदूंमधील उजळपणाचा क्रम टिकतो, म्हणून संकेत बदलत नाही. या सोपेपणातच तिचे मोठेपण आहे.

मात्र प्रकाशाची दिशा बदलली की हा क्रमच मोडतो. प्रकाशाला आडव्या जाणाऱ्या उंचवट्यांच्या सावल्या ठळक होतात, तर त्याला समांतर असणारे उंचवटे जवळजवळ लोपतात, आणि त्यामुळे एकच खडबडीत पृष्ठभाग दोन वेगळे पोत दाखवतो. माईक चँटलर यांनी १९९५ मध्ये हाच मुद्दा पोतविश्लेषणाच्या मुळाशी असल्याचे मांडले. कोलंबिया व उट्रेख्ट विद्यापीठांच्या संशोधकांनी १९९९ मध्ये मखमल, पाव, संत्र्याची साल यांसह ६१ पदार्थांची, प्रत्येकी २०५ प्रकाश-दृष्टिकोनांतून घेतलेली छायाचित्रे उपलब्ध केली, तेव्हा या मुद्द्याला भक्कम आधार मिळाला. थॉमस लिउंग आणि जितेंद्र मलिक यांनी २००१ मध्ये अशा अनेक छायाचित्रांत एकाच स्थानी गणिती गाळण्यांना (फिल्टर) मिळणारे प्रतिसाद एकत्र जोडून पोताचे मूलघटक ठरवले; मनीक वर्मा आणि अँड्र्यू झिसरमन यांनी त्यानंतर प्रत्येक पदार्थाची अनेक प्रारूपे साठवून एकाच अनोळखी छायाचित्रावरून ओळख पटवण्याचा अधिक व्यवहार्य मार्ग दाखवला.

तरीही कोलंबिया-उट्रेख्टच्या त्या संग्रहात प्रत्येक पदार्थाचा एकच नमुना असल्यामुळे संगणक पदार्थापेक्षा तो नमुनाच ओळखायला शिकत होता, आणि ही उणीव भरून काढण्यासाठी स्टॉकहोममधील संशोधकांनी २००६ मध्ये ११ पदार्थवर्गांचे प्रत्येकी चार वेगवेगळे नमुने निरनिराळ्या प्रकाशांत आणि अंतरांवरून टिपले.